स्पिंडलचा वेग प्रोग्रामच्या हाती

सागाच्या पाटीवर नाव कोरताना मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरणारे बिट कोपऱ्यात क्षणभर रेंगाळले, की अक्षराची कड करपते. त्याच वेगाने ॲक्रिलिक कापायला घेतले, तर ते कापण्याऐवजी वितळते आणि बिटाभोवती गुंडाळून बसते. मालागणिक वेग बदलावा लागतो. घरच्या सीएनसी राउटरवर बहुतेक जण हा वेग व्हीएफडीच्या, म्हणजे स्पिंडलची मोटार चालवणाऱ्या ड्राइव्हच्या, तोंडावरचा नॉब फिरवून अंदाजाने ठेवतात, आणि पुढचे काम लावताना तो बदलायचा राहून जातो. प्रोग्राममध्ये ‘एस’ अक्षरापुढे लिहिलेला वेग तारेवाटे थेट व्हीएफडीला कळवता येतो. त्यासाठी लागणारे सुटे भाग थोडे आणि स्वस्त आहेत. जोडणी मात्र समजून करावी लागते, कारण ज्या पेटीत आपण ही ५ व्होल्टची नाजूक तार नेणार आहोत, त्याच पेटीत जीव घेणारा विजेचा दाबही असतो.

मी हे घोटीतल्या परिस्थितीला धरून लिहितो आहे. इगतपुरी तालुक्यातला पाऊस, भाताच्या गिरण्यांच्या मोठ्या मोटारी सुरू होताना खाली बसणारा व्होल्टेज आणि मध्येच जाणारी लाइट या तिन्ही गोष्टी या वायरिंगवर परिणाम करतात. कारखान्यातल्या वातानुकूलित पॅनेलसाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत त्यांचा विचार क्वचितच असतो.

पुढचे सगळे एका ठरावीक जोडणीला धरून सांगतो, म्हणजे आकडे नेमके देता येतील. आर्डुइनो उनोवर जीआरबीएल या फर्मवेअरची १.१ आवृत्ती, घरगुती २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालणारा हुआनयांग पद्धतीचा व्हीएफडी, आणि त्यावर १.५ किंवा २.२ किलोवॉटचा, ४०० हर्ट्झला २४,००० फेऱ्या देणारा स्पिंडल. तुमचा ड्राइव्ह वेगळ्या कंपनीचा असेल तर टर्मिनलांची नावे आणि पॅरामीटरचे क्रमांक बदलतील, विचार तोच राहील. सोबतची पुस्तिका फेकू नका. गेली असेल तर त्याच मॉडेलची पीडीएफ मिळवून छापून घ्या.

दोन हुकूम, दोन वेगळ्या तारा

या विषयात जी गोष्ट आधी मनात पक्की बसायला हवी, ती अशी: ‘फिर’ हा एक हुकूम आहे आणि ‘इतक्या वेगाने फिर’ हा दुसरा. व्हीएफडीला हे दोन्ही वेगवेगळ्या टर्मिनलांवर मिळतात. ‘एफओआर’ आणि ‘डीसीएम’ ही दोन टर्मिनले एकमेकांना जोडली, की स्पिंडल सुलट दिशेने फिरू लागतो. उघडली, की थांबतो. वेग ठरतो तो ‘व्हीआय’ आणि ‘एसीएम’ यांच्यामधल्या दाबावर. तिथे ० व्होल्ट म्हणजे ० हर्ट्झ आणि १० व्होल्ट म्हणजे ४०० हर्ट्झ. दोन ध्रुवांच्या मोटारीच्या फेऱ्या वारंवारतेच्या साठपट असतात, म्हणून एका व्होल्टला २,४०० फेऱ्या. हा २,४०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे मोजमाप करताना तोच कामी येतो.

काही जण काम सोपे करायला एफओआर आणि डीसीएम कायमचे जोडून टाकतात आणि ‘० व्होल्ट दिले की थांबेलच’ असे धरून चालतात. ते धोक्याचे आहे. हवेवर थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा त्याच्याच दांड्यावर असतो. वेग फार कमी झाला तर हवा पुरत नाही आणि गुंडाळी तापते. त्यामुळे ड्राइव्हमध्ये किमान वारंवारता ठरवून ठेवणे शहाणपणाचे असते. ती १२० हर्ट्झ ठेवली असेल, तर व्हीआयवर ० व्होल्ट असतानाही स्पिंडल ७,२०० फेऱ्यांनी फिरत राहील. बिट बदलायला हात घातलेला असताना हे नको. ‘फिर’साठी वेगळा रिले हवाच.

जीआरबीएल १.१ मध्ये वेगाचा पीडब्ल्यूएम संकेत डिजिटल ११ क्रमांकाच्या पिनवर येतो. झेड अक्षाचा लिमिट स्विच त्यामुळे १२ वर जातो. जुने शिल्ड ०.८ आवृत्तीप्रमाणे छापलेले असेल, तर त्यावर ही दोन नावे उलटी दिसतात आणि माणूस चुकीच्या पिनवर मल्टिमीटर लावून बसतो. ११ क्रमांकाची पिन वेगासाठी गेल्यावर ‘फिर’ हुकुमासाठी स्वतंत्र पिन उरत नाही. त्यासाठी कॉन्फिग फाइलमधला एक पर्याय चालू करून फर्मवेअर पुन्हा चढवावे लागते. मग दिशेसाठी असलेली १३ क्रमांकाची पिन ‘चालू-बंद’चे काम करते. राउटरला उलटे फिरण्याची गरज नसते, त्यामुळे काही गमावत नाही.

१३ नंबरची एक खोड मात्र आहे. आर्डुइनोला वीज मिळाली किंवा यूएसबीने नवी जोडणी झाली, की त्यावरचा बूटलोडर याच पिनचा दिवा दोन-तीनदा लुकलुकवतो. तिथे थेट रिले असेल तर रिले टकटकतो आणि व्हीएफडीला क्षणभर ‘फिर’ असे ऐकू येते. शिवाय बाजारातली बरीच रिले मॉड्यूले पिन खाली गेल्यावर चालू होणारी असतात, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या उलट. मॉड्यूल घेताना जंपरने दोन्ही पद्धती निवडता येतील असे घ्या. टकटकीवरचा उपाय पुढे वीज जाण्याच्या मुद्द्यात येईल, कारण दोन्हींचे औषध एकच आहे.

५ व्होल्टच्या ठोक्यांतून १० व्होल्टचा सरळ दाब

आर्डुइनोच्या पिनवरून निघतात ते ५ व्होल्टचे ठोके, सेकंदाला साधारण ९८०. वेग वाढवायला सांगितले की ठोक्याची रुंदी वाढते, उंची तीच राहते. व्हीएफडीला हवा असतो संथ, सलग दाब. मधले काम करणारे छोटे मॉड्यूल ‘पीडब्ल्यूएम टू व्होल्टेज’ या नावाने मिळते. ते नाशिकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सापडले नाही, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल, किंवा ऑनलाइन मागवता येईल.

त्याला वेगळा वीजपुरवठा लागतो आणि इथे लोक १२ व्होल्ट देऊन मोकळे होतात. या मॉड्यूलांत बऱ्याचदा एलएम३५८ ही आयसी असते. तिचा आउटपुट तिच्या पुरवठ्यापेक्षा सुमारे दीड व्होल्ट खालीच राहतो. पुरवठा १२ ऐवजी ११.४ भरला, तर वर जास्तीत जास्त ९.९ व्होल्ट मिळणार आणि स्पिंडल कधीच पूर्ण वेग गाठणार नाही. म्हणून १५ ते २४ व्होल्टचा छोटा, स्वतंत्र एसएमपीएस वापरा. स्टेपर मोटारींचा ३६ किंवा ४८ व्होल्टचा पुरवठा इथे चुकूनही लावू नका. मॉड्यूलवरचा जंपर ५ व्होल्टच्या संकेतावर ठेवा. ईएसपी३२ वर आधारलेला कंट्रोलर असेल तर त्याचे ठोके ३.३ व्होल्टचेच असतात. बरीच मॉड्यूले ते धड ओळखत नाहीत, मध्ये एक लेव्हल शिफ्टर टाकावा लागतो.

पीडब्ल्यूएमच्या इनपुटवर, संकेत आणि जीएनडी यांच्यामध्ये, १० किलोओहमचा एक रेझिस्टर जोडा. कंट्रोलर रिसेट होत असताना त्याची पिन काही क्षण लोंबकळत राहते, कुणाच्याच ताब्यात नसते. हा रेझिस्टर तिला खाली धरून ठेवतो.

मॉड्यूलच्या इनपुटचा जीएनडी आणि आउटपुटचा जीएनडी आतून जोडलेले आहेत का, हे मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. स्वस्त मॉड्यूलांत ते बहुधा एकच असतात. म्हणजे व्हीएफडीचा एसीएम, आर्डुइनो आणि यूएसबीवाटे तुमचा लॅपटॉप हे सगळे एका तारेवर आले. ड्राइव्हमध्ये काही बिघडले तर त्याची झळ लॅपटॉपपर्यंत पोहोचू शकते. शक्य असेल तर ऑप्टोकप्लरने इनपुट-आउटपुट वेगळे ठेवणारे मॉड्यूल घ्या आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे पुरवठे द्या. थोडे पैसे जास्त जातात. माझ्या मते या पूर्ण जोडणीत पैसे वाचवू नयेत अशी जागा हीच. ड्राइव्ह ० ते ५ व्होल्टवर ठेवून, मध्ये नुसता रेझिस्टर आणि कपॅसिटर टाकूनही काम भागते. पण ती वाट मी सुचवणार नाही, कारण तिथे हा आडोसाच नसतो.

ड्राइव्हमधले आकडे

इथे एक चूक स्पिंडलचा जीव घेते. काही ड्राइव्ह कारखान्यातून ५० हर्ट्झच्या साध्या मोटारीसाठी लावलेले येतात. ४०० हर्ट्झच्या स्पिंडलला ५० हर्ट्झवरच पूर्ण २२० व्होल्ट मिळाले, तर तो प्रचंड करंट ओढतो आणि जळतो. म्हणून स्पिंडलची तार जोडण्याआधी आकडे तपासा. हुआनयांगमध्ये आधी पीडी००५, म्हणजे कमाल वारंवारता, ४०० करा. मग पीडी००४, म्हणजे मूळ वारंवारता, तीही ४००. क्रम उलटा केला तर ड्राइव्ह दुसरा आकडा स्वीकारत नाही. पीडी१४१ ते १४४ मध्ये स्पिंडलच्या पाटीवरचा व्होल्टेज, करंट, ध्रुवांची संख्या २ आणि ५० हर्ट्झला असणाऱ्या फेऱ्या, म्हणजे ३,०००, भरा. या शेवटच्या आकड्याने स्पिंडलचा वेग बदलत नाही, फक्त पडद्यावर दिसणाऱ्या फेऱ्या बरोबर येतात.

हुकूम बाहेरून घ्यायचे म्हणून पीडी००१ आणि पीडी००२ दोन्ही १ करा. पीडी०७० हा ० असला की ड्राइव्ह ० ते १० व्होल्ट वाचतो. पीडी०७२ ला ४०० आणि पीडी०७३ ला ० ठेवा, पीडी०११ ला तुमच्या स्पिंडलची किमान वारंवारता. एवढे करूनही ड्राइव्ह नॉबचेच ऐकत असेल, तर कंट्रोल बोर्डावर टर्मिनलांजवळ एक छोटा जंपर शोधा. तो नॉबकडून व्हीआयकडे सरकवावा लागतो. वेग वाढण्या-उतरण्याची वेळ पीडी०१४ आणि ०१५ मध्ये असते. थांबायला फार कमी वेळ दिला तर फिरता स्पिंडल जनरेटरसारखी वीज ड्राइव्हमध्ये परत लोटतो आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो. पाच-सहा सेकंद ठेवा.

जीआरबीएलच्या बाजूला डॉलर ३० ($30) या सेटिंगमध्ये कमाल वेग लिहायचा: २४०००. तो मुळात १००० असतो. तसाच राहिला तर तुम्ही एस ८००० लिहा की १८०००, दोन्ही हजाराच्या वरच, म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण १० व्होल्ट निघतील. डॉलर ३२, म्हणजे लेझर मोड, ० हवा.

डॉलर ३१, म्हणजे किमान वेग, मात्र फसवतो. स्पिंडल ८,००० च्या खाली न्यायचा नाही म्हणून तिथे ८००० लिहावेसे वाटते. पण जीआरबीएल मग पूर्ण पट्टी ८,००० ते २४,००० यांच्यात पसरवतो, तर ड्राइव्हची पट्टी ० पासूनच सुरू असते. एस १६००० लिहिले तर जीआरबीएलच्या हिशेबाने ते बरोबर मध्यावर, म्हणून ५ व्होल्ट निघतात. ड्राइव्ह त्या ५ व्होल्टला २०० हर्ट्झ देतो आणि स्पिंडल फिरतो १२,००० ने. चार हजार फेऱ्या कुठे गेल्या ते कळत नाही. डॉलर ३१ ला ० ठेवा आणि खालची मर्यादा ड्राइव्हवर सोपवा.

आता मोजणी. स्पिंडलची केबल अजून जोडलेली नाही आणि मॉड्यूलच्या आउटपुटच्या तारा व्हीआयला लावलेल्या नाहीत, अशा अवस्थेत एम३ एस २४०००, म्हणजे ‘२४,००० ने फिर’ हा हुकूम, द्या. मॉड्यूलवरचा बारीक स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर १०.०० आणा. मग एस १२००० ला ५.०० आणि एस १८००० ला ७.५० दिसायला हवेत. मधले आकडे थोडे चुकले तर चिंता नको: जीआरबीएल पूर्ण पट्टी २५५ पायऱ्यांत तोडतो, एक पायरी सुमारे ९४ फेऱ्यांची, आणि लाकडाला एवढा फरक कळत नाही. आउटपुट उलटा येत असेल, म्हणजे एस वाढवला की व्होल्ट उतरत असतील, तर तसाच पुढे जाऊ नका. अशा जोडणीत संकेताची तार तुटली की स्पिंडल पूर्ण वेगाने सुटतो.

सगळे जमल्यावर, वीज बंद करून, मॉड्यूलच्या आउटपुटच्या तारा व्हीआय आणि एसीएमला जोडा. डीसीएम आणि एसीएम या जागा वेगळ्या आहेत, त्यांची अदलाबदल करू नका. ड्राइव्हचा पडदा विझला म्हणजे आतला दाब गेला असे समजू नका. आतल्या कपॅसिटरांवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेला असतो. दहा मिनिटे थांबा, मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून मोजा आणि मगच हात घाला. पहिल्यांदा फिरवताना कोलेटमध्ये बिट नको. दिशा उलटी असेल तर स्पिंडलला जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू यांपैकी कोणत्याही दोन तारा अदलून घ्या. ड्राइव्ह आणि स्पिंडलच्या मध्ये स्विच कधीही टाकू नका, आणि फिरता असताना केबल उपटू नका.

प्रोग्राममध्ये एम३ नंतर जी४ पी६ असा थांबा लिहा, म्हणजे स्पिंडल वेग घेईपर्यंत बिट लाकडात उतरणार नाही. जीआरबीएल हा आकडा सेकंदांत वाचतो. मॅक३ मध्ये सेटिंगप्रमाणे तो मिलिसेकंदांतही धरला जातो, तिथे ६ लिहून उपयोग नाही.

वीज गेली, वीज आली

शेतातल्या पंपाचा स्टार्टर सगळ्यांना माहीत आहे. लाइट गेली की तो सुटतो, आणि परत आल्यावर हिरवे बटन दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. स्पिंडलच्या ‘फिर’ हुकुमालाही हेच हवे. एफओआरच्या तारेत, आर्डुइनोच्या रिलेशी सिरीजमध्ये, स्वतःला धरून ठेवणारा एक २४ व्होल्टचा रिले टाका. तो हिरव्या बटनाने चालू होईल आणि वीज जाताच सुटेल. लाल इमर्जन्सी बटनाचा बंद राहणारा संपर्क याच साखळीत घ्या. मग वीज आल्यावर बूटलोडरने १३ नंबर लुकलुकवला तरी हिरवे बटन दाबेपर्यंत साखळी उघडीच असते, आणि रात्री लाइट परत आली तरी बिट आपोआप फिरत नाही. पंपाला बसवतात तसला ऑटो स्विच इथे अजिबात नको. नुसत्या सॉफ्टवेअरच्या ‘स्टॉप’वर जीव सोपवू नका, लॅपटॉप अडकू शकतो.

व्होल्टेज बसल्यावर ड्राइव्ह अंडरव्होल्टेजवर ट्रिप होतो आणि स्पिंडल थांबतो, पण जीआरबीएलला त्याचा पत्ता नसतो. तो थांबलेले बिट लाकडातून ओढत नेतो आणि ते तुटते. ड्राइव्हवर बिघाड कळवणारा रिले असेल तर त्याचा संपर्क आर्डुइनोच्या ‘फीड होल्ड’ पिनला जोडा. गिरणीशेजारी दुकान असलेल्यांनी हे नक्की करावे.

यंत्रासाठी मीटरपासून वेगळी लाइन आणि वेगळी एमसीबी घ्या. ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग खरे आहे का हे त्याच्यासमोर तपासा. बऱ्याच स्पिंडलांच्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये चौथी पिन आतून कुठेच जोडलेली नसते. केबलमध्ये अर्थची तार असते, स्पिंडलचे अंग मात्र मोकळे. मल्टिमीटरची एक टोकणी स्पिंडलच्या धातूवर आणि दुसरी ड्राइव्हच्या अर्थवर ठेवा. बीप आला नाही तर बॉडीला वेगळी अर्थ तार लावा. आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून टाकणारे लोक आहेत. तसे करू नका. व्हीएफडीची गळती लक्षात घेऊन कोणत्या प्रकारची लावायची ते वायरमनला विचारा.

स्पिंडल सुरू होताच लिमिट स्विचचा खोटा अलार्म येणे, यूएसबी तुटणे, वेग थरथरणे ही सगळी एकाच घरातली दुखणी आहेत. ड्राइव्ह मोटारीला वीज तुकड्यांत तोडून देतो आणि त्या तुकड्यांचा गोंगाट शेजारच्या तारांत शिरतो. मोटारीची केबल शिल्डेड घ्या, तिचे शिल्ड ड्राइव्हच्या अर्थला बांधा. वेगाच्या संकेतासाठी पीळ दिलेली दोन तारांची शिल्डेड केबल वापरा आणि तिचे शिल्ड एकाच टोकाला जोडा, दोन्हीकडे नाही. दोन्ही केबल एका ट्रेमधून नेऊ नका. वीतभर तरी अंतर ठेवा, आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडा. एवढे केल्यावरही वेग थरथरत असेल तर पीडी०७१ चा फिल्टर वाढवा. आधी फिल्टर आणि मग केबल असा उलटा क्रम धरलात, तर गोंगाट लपेल, जाणार नाही.

जून ते सप्टेंबर इथल्या हवेत पाणीच असते. सकाळी शटर उघडल्यावर थंड ड्राइव्हवर दव धरते आणि त्यात एमडीएफचा बारीक भुसा मिसळला की बोर्डावर वीज वाहून नेणारा चिखल तयार होतो. ड्राइव्ह भुशापासून दूर, झाकणाच्या पॅनेलमध्ये, हवेच्या वाटेवर फिल्टर लावून बसवा. दमट सकाळी पॅनेलमधला छोटा हीटर अर्धा तास चालू ठेवून मग ड्राइव्हला वीज द्या. टर्मिनलांत उघड्या तारांच्या जुड्या न कोंबता फेरूल दाबून लावा, आणि पावसाळा संपल्यावर सगळे स्क्रू एकदा आवळा.

बदललेला प्रत्येक पॅरामीटर, त्याचा जुना आणि नवा आकडा, जंपरची जागा आणि डॉलरचे आकडे एका कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. ड्राइव्ह बदलायची वेळ आली, तर नव्याला स्पिंडल जोडण्याआधी त्यातले ००४ आणि ००५ या कागदाशी ताडून पाहा.